जर, तर आणि नाहीतर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मेळाव्याच्या संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर तुझ्या कामाबद्दल पंधरा-वीस मिनिटं बोल. पण कळेल असं बोल." हे शेवटचं वाक्य त्याने तीनदा उच्चारलं. दहावीत माझ्या मागच्या बाकावर बसून जो माझ्या वहीतली गणितं उतरवायचा, तोच मला आज 'कळेल असं बोल' म्हणतोय, याची मला गंमत वाटली. नंतर विचार केला, की मी नोकरीत चोवीस वर्षं जे करतेय, त्या सगळ्याचं सार या एका वाक्यात आहे. म्हणून आज त्यावरच बोलणार आहे.

दहावी होऊन आपल्याला तीस वर्षं झाली. आज सकाळी खर्डी स्टेशनवर उतरले आणि पहिल्यांदा घड्याळ बघितलं. सवय! कॉलेजची सहा वर्षं पहाटेची लोकल चुकली की पुढची कधी, हे गणित डोक्यात चालू असायचं. जर ही गाडी मिळाली तर पहिलं लेक्चर मिळेल, नाहीतर कल्याणला बदलायचं, तीही चुकली तर प्रॅक्टिकल गेलं. हे 'जर, तर, नाहीतर' म्हणजेच आमचा धंदा. प्रोग्राम म्हणजे दुसरं काही नसतं. कॉम्प्युटरला एकामागून एक सूचना द्यायच्या आणि मध्येमध्ये प्रश्न विचारायचे, की असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर. अशा सूचनांचा एक छोटा गठ्ठा बांधून त्याला नाव दिलं की त्याला आम्ही मेथड म्हणतो. स्वयंपाकघरात 'वरणाला फोडणी दे' एवढंच म्हटलं की पुढच्या पाच गोष्टी आपोआप आल्या, तसंच.

आता तुमच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. एसटीचं तिकीट. समजा, मला एक मेथड लिहायची आहे, 'तिकीट किती?' नियम आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बाराला अर्धं. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास. पासष्ट ते पंचाहत्तर या वयाला अर्धं. आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं. बाकीच्यांना पूर्ण.

कंडक्टर हे सगळं गर्दीत, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताने मशीन चालवत करतो. कॉम्प्युटरला मात्र ते पायरीपायरीने सांगावं लागतं. पाचपेक्षा लहान आहे का? नाही. बारापेक्षा लहान? नाही. पंचाहत्तर पूर्ण? नाही. पासष्ट पूर्ण? नाही. महिला आहे का? नाही. मग पूर्ण तिकीट. मोजा, प्रश्न किती झाले? पाच. आणि या पाच प्रश्नांतून बाहेर पडायचे रस्ते किती? सहा.

अमेरिकेत थॉमस मॅककेब नावाचे एक गणिती होते. त्यांनी १९७६ साली एक शोधनिबंध लिहिला आणि हीच मोजणी मांडली. मेथडमध्ये जेवढे निर्णयाचे प्रश्न, त्यात एक मिळवा. येणाऱ्या आकड्याला त्यांनी सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी असं भारदस्त नाव दिलं. आपण त्याला गुंत्याचा आकडा म्हणू. आपल्या तिकिटाच्या मेथडचा गुंता सहा.

गणिताच्या सरांसाठी सांगते, हे नुसतं अंगठ्याचं माप नाही. प्रोग्रामचा नकाशा काढायचा. प्रत्येक पायरी म्हणजे एक ठिपका, एका पायरीवरून दुसरीकडे जाणारी वाट म्हणजे एक रेघ. रेघांतून ठिपके वजा करायचे आणि दोन मिळवायचे. एकच प्रश्न असेल तर ठिपके चार पडतात: प्रश्न, 'हो'ची पायरी, 'नाही'ची पायरी आणि शेवट. रेघाही चार. चार वजा चार अधिक दोन, उत्तर दोन. म्हणजे एका प्रश्नाचे दोन स्वतंत्र मार्ग. या शास्त्राचं मूळ ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली सोडवलेल्या कोनिग्झबर्गच्या सात पुलांच्या कोड्यात आहे. पूल मोजणाऱ्या माणसाचं गणित अडीचशे वर्षांनी प्रोग्राम मोजायला आलं. सर, तुम्ही म्हणायचात ना, की गणित कधी फुकट जात नाही!

मॅककेबनी असं सुचवलं, की एका मेथडचा आकडा दहाच्या वर जाऊ देऊ नये. पण त्याच निबंधात त्यांनी प्रामाणिकपणे हेही सांगितलं, की दहा हा आकडा वाजवी आहे, त्यात जादू काही नाही. हे दुसरं वाक्य पुष्कळ लोक वाचत नाहीत. मीही वाचलं नव्हतं. त्याची किंमत काय पडली, ते पुढे सांगते.

या आकड्याचा उपयोग काय? एक म्हणजे, मेथड तपासायची तर किमान किती तपासण्या लागतील ते कळतं. आपल्या तिकिटाला सहा: तीन वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांचा मुलगा, अठ्ठ्याहत्तरचे आजोबा, अडुसष्टचे काका, चाळिशीची बाई आणि चाळिशीचा पुरुष. आणि हे किमान, बरं का. एकमेकांशी संबंध नसलेले दहा प्रश्न ओळीने आले तर गुंत्याचा आकडा अकरा येतो, पण त्यातून जायचे एकूण मार्ग होतात एक हजार चोवीस. दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. माणसाच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी मावतात याला मर्यादा आहे. कॉम्प्युटरला सहा प्रश्न काय नि सहाशे काय, सारखेच. गुंता मोजायचा तो वाचणाऱ्या माणसासाठी.

आता गंमत बघा. समजा, मार्च २०२३ मध्ये महिलांच्या सवलतीचा आदेश आला आणि मी घाईघाईने तो प्रश्न मेथडच्या अगदी वर टाकला. महिला आहे का? असेल तर अर्धं तिकीट, विषय संपला. काय होईल? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीला तिकीट लागायला नको, तिला अर्धं फाडलं जाईल. आईच्या मांडीवरच्या तीन वर्षांच्या मुलीलाही अर्धं! असं एसटीत झालं असं मी म्हणत नाही, हे माझं बनवलेलं उदाहरण आहे. पण लक्षात घ्या, प्रश्न तेच पाच, गुंत्याचा आकडा तोच सहा. आणि मघाशी सांगितलेल्या सहा तपासण्या करून बघा, सहाच्या सहा बरोबर येतील, कारण आपण लहान मूल म्हणून मुलगा घेतला होता आणि म्हातारं माणूस म्हणून आजोबा घेतले होते. आजीचा विचार तपासणाऱ्याच्या डोक्यात आलाच नाही. तेव्हा आकडा कमी म्हणजे प्रोग्राम बरोबर, असं नाही. ताप नाही म्हणजे माणूस ठणठणीत, असं कुठे असतं? थर्मामीटर थर्मामीटरचं काम करतो, डॉक्टरचं नाही.

आणखी एक. पाच प्रश्न एकाखाली एक असणं वेगळं आणि एकाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा असं असणं वेगळं. राज्याच्या हद्दीत आहे का, असेल तर प्रौढ आहे का, असेल तर महिला आहे का, असेल तर वय किती... चौथ्या प्रश्नापर्यंत पोचेतो पहिला विसरतो. मॅककेबच्या मोजणीत दोन्हींचा आकडा सारखाच. म्हणून गेल्या दशकात सोनार नावाच्या कंपनीने दुसरं माप आणलं, कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्याला होणारा त्रास. त्यात प्रश्न जितका आत, तितका त्याचा दंड जास्त. चार प्रश्न ओळीने आले तर चार. एकात एक असे चार आले तर एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार, म्हणजे दहा. हे माप मला जास्त आवडतं, कारण घरातल्या माळ्यावर एकात एक घातलेल्या डब्यांतून मेथीदाणे शोधणाऱ्या बाईला ते लगेच पटतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही मी याआधी व्यासपीठावरून कधी सांगितलेली नाही. पण आज समोर सगळी घरचीच माणसं आहेत.

फार वर्षांपूर्वी, एका कंपनीत असताना, मी एक मेथड लिहिली. आजारपणाच्या विम्याचा दावा आला की किती पैसे मंजूर करायचे, हे ती ठरवायची. सुरुवातीला तीस ओळी होत्या, पाच प्रश्न. मला तिचा अभिमान होता. मग दरवर्षी नवे नियम आले. अमुक आजाराला वेगळी मर्यादा, तमुक वयाला वेगळी, जुन्या पॉलिसीला सूट, खोलीच्या भाड्याला कात्री. प्रत्येक वेळी कोणीतरी एक नवा 'जर' घुसवायचं. बहुतेक वेळा ते कोणीतरी मीच असायचे. पागोळ्यांखाली रोज एक थेंब पडून खड्डा होतो, तसं झालं. कोणत्याही एका दिवशी ती मेथड बिघडली नाही, पण एके दिवशी मोजली तेव्हा गुंता निघाला सत्तेचाळीस.

मोजली, कारण वरून आदेश आला होता, की पुढच्या महिन्यापासून दहाच्या वर आकडा असलेली मेथड चालणार नाही. रात्री यंत्र सगळा कोड तपासेल आणि सकाळी लाल-हिरवी यादी येईल. मी काय केलं? शनिवारी बसले आणि ती मेथड मधूनमधून तोडली. नावं दिली भाग एक, भाग दोन, भाग तीन, असे सहा भाग. प्रत्येक भाग पुढच्याला पंधरा-पंधरा गोष्टी हातात देत होता. सोमवारी यादी हिरवी! साहेबांनी शाबासकी दिली, मी पेढे वाटले.

खरं सांगायचं तर गुंता एक कणही कमी झाला नव्हता. घरात पाहुणे येणार म्हणून सगळा पसारा कपाटात कोंबून दार लावून घ्यावं, तसं मी केलं होतं. अर्थशास्त्रात चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली मांडलेला एक नियम प्रसिद्ध आहे. त्याचा मथितार्थ असा, की एखादं माप हेच ध्येय झालं, की ते माप म्हणून निकामी होतं. आपल्याला हे सांगायला अर्थशास्त्र नको. पस्तीस मार्कांपुरता अभ्यास करून पास झालेले वीर इथे बसले आहेतच! (माझ्याकडे बघू नका, मीही चित्रकलेत तीच होते.)

त्या सुमारास आमच्याकडे एक मुलगी नवीन लागली. खानदेशातल्या लहान गावातून आलेली, पहिलीच नोकरी. आठवड्याभराने माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, भाग एक ते सहा मला कळत नाहीत." मी मान वर न करता म्हटलं, "कळेल हळूहळू. आम्हालाही वेळ लागला होता." तिचा चेहरा मला आजही आठवतो, कारण तो चेहरा माझाच होता. अकरावीला इथून मुंबईच्या कॉलेजात गेले तेव्हा इंग्रजीतून शिकवलेलं काही कळायचं नाही आणि विचारायची हिंमत व्हायची नाही. त्या मुलीने हिंमत केली, आणि मी तिला गप्प केलं.

चार-पाच महिन्यांनी ज्येष्ठांसाठी एक नवी सवलत आली. ती बसवायचं काम त्या मुलीला दिलं. तिने ती भाग तीनमध्ये नीट लिहिली, तपासली, बरोबर चालली. पण ज्येष्ठांपैकी काहींना भाग एकमधला एक जुना प्रश्न आधीच बाहेर काढून देत होता. ते भाग तीनपर्यंत पोचतच नव्हते. म्हणजे आपल्या एसटीच्या आजीसारखंच. त्यांना मिळायला हवे होते त्यापेक्षा कमी पैसे मिळत राहिले. अकरा आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आणून दिलं एका निवृत्त शिक्षकाने. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी आखीव कागदावर, निळ्या शाईने, पॉलिसीच्या कलमांवरून हिशेब मांडून पाठवला होता. प्रत्येक ओळीला क्रमांक, प्रत्येक पायरीला 'म्हणून', आणि शेवटी उत्तराखाली दोन रेघा. दीड पान. ते दीड पान मी वाचलं, आणि जे माझ्या सहा भागांतून मला स्वतःलाही दिसत नव्हतं, ते दोन मिनिटांत दिसलं. फरकाची रक्कम त्यांना आणि बाकीच्यांनाही परत मिळाली. पण मधल्या काळात त्यांनी मेहुण्याकडून उसने घेतले होते, हे त्यांनी पत्राच्या शेवटी, तक्रारीचा सूर न लावता, एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ मला फार लागली.

मग बैठक झाली. शेवटचा बदल कोणाचा? यंत्रात नोंद असते. त्या मुलीचं नाव आलं. ती पांढरीफटक पडली. आणि मी, जी मेथड लिहिली तीच मी, तोडून सहा भाग केले तीच मी, तिला गप्प केलं तीही मीच, त्या बैठकीत गप्प बसले. हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही.

त्या रात्री झोप आली नाही. आणि डोक्यात आले ते आपले गणिताचे सर. आठवतंय, नववीच्या सहामाहीत माझं उत्तर बरोबर असून सरांनी चारपैकी दोनच मार्क दिले होते? मी रडत विचारायला गेले. सर म्हणाले, "उत्तर तुला कळलं, पण पायऱ्या गाळल्यास. तुझी वही दुसऱ्याला वाचता आली पाहिजे. नाहीतर ते गणित तुझ्यापुरतंच." आणि ते आणखी एक करायचे. शिकवून झालं की विचारायचे, "कोणाला नाही कळलं?" एखादा हात वर झाला, की म्हणायचे, "शाबास. आता हा बाकी सगळ्यांच्या वतीने विचारतोय." आवणीच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस शेतावर राबून वर्गात परतलेल्या मुलांसाठी ते वाक्य किती मोठा आधार होता, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना लेखी कळवलं, की चूक त्या मुलीची नाही. ती मेथड कोणालाच कळत नाही, तिने तसं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. साहेब माणूस चांगला, पण वाक्य टोचून बोलले. ते मला मान्य होतं. मग मी त्या मुलीची माफी मागितली आणि म्हटलं, आता हे आपण दोघी मिळून सोडवू. पहिली अट, तुला कळलं नाही तिथे थांबायचं.

कसं सोडवलं, तेही थोडक्यात सांगते, कारण इथे शेतीपासून दुकानापर्यंत सगळे धंदे करणारी मंडळी आहेत, कोणाला तरी उपयोग होईल.

पहिल्यांदा आम्ही कशालाही हात लावला नाही. आज ही मेथड कोणत्या दाव्याला काय उत्तर देते, याची शेकडो उदाहरणं नोंदवून ठेवली. चुकीची उत्तरंसुद्धा, चूक म्हणून खूण करून. जुनं घर उतरवताना आधी कोणता वासा कशाला आधार देतोय हे बघतात, तसं. मग प्रत्येक बदलानंतर ती उदाहरणं पुन्हा चालवायची. आपल्याला न कळत काही हललं तर तिथेच कळतं.

दुसरं, नकाराचे प्रश्न आधी. पॉलिसी चालू नाही? इथेच थांब. कागद अपुरे? इथेच थांब. असे चार-पाच प्रश्न दारातच मिटवले, की आतला डब्यातला डबा मोकळा होतो. मात्र कोणता प्रश्न खरोखर दाराचा आणि कोणता आतला, हे क्रमाने तपासून, कारण आमची चूक तिथेच होती.

तिसरं, तोडायचं ते अर्थावर तोडायचं, ओळींवर नाही. भाग एक, भाग दोन नव्हे, तर 'खोलीभाड्याची कात्री', 'ज्येष्ठांची सवलत', 'जुन्या पॉलिसीची सूट'. ज्या तुकड्याला साधं नाव देता येत नाही, तो चुकीच्या जागी तोडलाय असं समजायचं. कोंबडीचे तुकडे सांध्यावर करतात, हाडावर नाही, हे घरी सगळ्यांना कळतं. मला ऑफिसात कळायला बारा वर्षं लागली.

चौथं, जिथे नुसते दर आणि मर्यादा होत्या, तिथले प्रश्नच काढून टाकले आणि त्यांचा तक्ता केला. स्टेशनवर दराचा फलक असतो ना? भाडं वाढलं की फलक बदलतात, स्टेशनमास्तर बदलत नाहीत.

तीन आठवडे लागले. सगळ्यात मोठ्या मेथडचा आकडा सातवर आला. पण तो आकडा आम्ही शेवटी बघितला. आधी मी ती मेथड त्या मुलीला मोठ्याने वाचायला लावली आणि ती कुठेही न अडखळता शेवटपर्यंत गेली. त्या वेळी मला कळलं, की पहिल्या आठवड्यात तिने म्हटलेलं 'मला कळत नाही' हेच आमच्याकडचं सगळ्यात अचूक माप होतं. यंत्राने सत्तेचाळीस सांगायच्या आधी माणूस सांगत होता.

आपल्याकडे पुण्यात १९८१ साली टाटांनी एक संशोधन संस्था काढली, टीआरडीडीसी. तिथे प्रोग्राम तपासणाऱ्या प्रोग्रामांवर, म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून त्यातले दोष हुडकणाऱ्या साधनांवर, वर्षानुवर्षं काम झालं. महाराष्ट्रात बसून हे काम झालं याचा मला अभिमान आहे, आणि अशी साधनं मी रोज वापरते. पण साधन दिवा दाखवतं, चालावं आपल्यालाच लागतं.

सगळाच गुंता काढता येतो का? नाही. फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ साली एका प्रसिद्ध निबंधात दोन प्रकार सांगितले. एक गुंता विषयाच्या अंगचाच असतो, दुसरा आपण ओढवून घेतलेला. खर्डीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कसाऱ्याच्या पुढे थळ घाट आहे, सदतिसाला एक असा चढ आहे, तिथे बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. त्याला इलाज नाही, सह्याद्री आपण बनवलेला नाही. पण सपाट रानात कोणी रूळ वेडेवाकडे टाकले, तर दोष डोंगराचा नव्हे. विम्याचे नियम हा घाट होता. भाग एक ते सहा ही माझी सपाटीवरची वळणं होती. आयुष्यातही कोणता घाट आणि कोणतं आपणच घेतलेलं वळण, हे एकदा कागदावर मांडून बघायला हरकत नाही. एवढाच उपदेश, याहून जास्त करणार नाही. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. ती आता तिच्या टीमची प्रमुख आहे. तिच्या टीममध्ये एक पद्धत आहे. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात काम देत नाहीत, फक्त वाचायला देतात आणि न कळलेल्या गोष्टींची यादी मागतात. ज्याची यादी कोरी, त्याला पुन्हा वाचायला बसवतात.

शेवटी एक सांगायचं आहे. मघाशी मुख्याध्यापकांशी बोलणं झालं. शाळेत आता कॉम्प्युटर आहेत. येत्या जूनपासून महिन्यातून एका शनिवारी मी येईन आणि आठवी-नववीच्या मुलांना प्रोग्राम लिहायला शिकवीन. पहिला धडा ठरलाय, एसटीचं तिकीट. आजीचं तिकीट कोण चुकवतं आणि कोण पकडतं, ते बघू. तुमच्यापैकी ज्यांना यायचं आहे त्यांनी यावं. कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल. मागच्या बाकावर बसून 'कळलं नाही' म्हणणारं एक मोठं माणूस वर्गात असलं, की लहान हात आपोआप वर होतात. संयोजक महाशय, पहिलं नाव तुमचं लिहिलंय.

सर, नववीतल्या त्या दोन मार्कांबद्दल मी तुमच्यावर बरेच दिवस रागावले होते. आज सगळ्यांसमोर सांगते, ते दोन मार्क तुम्ही बरोबर कापलेत.